आम्हांस जमीन हवी, तराफा नको!

शहरांतील जमीन संपली. तेव्हा माणसांनी आता पाण्यावर घरे करावीत, असा एक नवा उपदेश अलीकडे नगररचनेच्या चर्चांतून ऐकू येऊ लागला आहे. हा उपदेश करणारी मंडळी सुशिक्षित आहेत आणि त्यांच्याजवळ दाखविण्यासारखी चित्रेही आहेत. दक्षिण कोरियातील बुसान बंदरासाठी तरंगत्या नगराचा आराखडा 2022 साली संयुक्त राष्ट्रसंघात सादर झाला. मालदीवच्या सरकारने माले शहराजवळच्या उथळ समुद्रात सुमारे 5000 तरंगत्या घरांची योजना जाहीर केली. ॲमस्टरडॅमच्या आयबर्ग भागात तर अशी घरे 2010 च्या सुमारास प्रत्यक्ष उभी राहिली. काँक्रीटच्या पोकळ पेटीवर घर उभे करावयाचे व ती पेटी लोखंडी खांबांना अडकवावयाची. पाणी चढले की घर चढते, पाणी उतरले की घर उतरते. हे सर्व पाहून आमच्या नाशिकच्या काही भल्या माणसांनाही वाटू लागले आहे की, आपल्यापाशी गोदावरी आहे, गंगापूरचे धरण आहे. मग गरिबांच्या घरांसाठी जमिनीचा घोष कशाला?

ह्या प्रश्नास उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण जमिनीवरून हुसकावलेल्या माणसास दुसरीकडे कोठे तरी ‘सोय’ करून देण्याची युक्ती ह्या देशात नवी नाही. आणि ती सोय ज्यांच्यासाठी केली जाते त्यांत आमचे बांधव प्रथम असतात.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आम्ही विज्ञानाचे वैरी नाही. परमपूज्य बाबासाहेब 1942 ते 1946 ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया त्यांच्या काळात घातला गेला. 1945 साली जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन ह्यांसाठी जो मध्यवर्ती आयोग स्थापन झाला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत. पुराचे पाणी ही केवळ समुद्रात लोटून द्यावयाची आपत्ती नसून ती साठवून वापरावयाची संपत्ती आहे, हा विचार त्यांनी अधिकाराने मांडला. अशा नेत्याच्या अनुयायांनी नव्या यंत्रास किंवा नव्या शास्त्रास भिण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप पाण्यावर तरंगणाऱ्या पेटीस नाही. त्या पेटीमागे जो विचार दडला आहे, त्यास आहे. शहरात जमीन नाही, हे विधान अगोदर खरे मानून मगच पेटीचे चित्र काढले जाते. ते विधानच आम्हांस मान्य नाही.

जमीन संपली की वाटली गेली?

नाशिक महानगरपालिकेचे क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 14,86,053 होती. साधा भागाकार केला तर माणशी सुमारे 175 चौरस मीटर जागा येते. पाच माणसांच्या कुटुंबास साडेआठ गुंठ्यांहून अधिक. त्यानंतर वस्ती दीडपट झाली असे धरले, तरीही त्या कुटुंबाच्या वाट्यास पावणेसहा गुंठे येतात. ह्यात रस्ते, नदी, शेते, कारखाने, शाळा, सारे आले, हे आम्ही जाणतो. ही जागा कोणी उचलून वाटून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रधानमंत्री आवास योजनेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाच्या घरासाठी जे माप धरले आहे ते आहे 30 चौरस मीटरचे. ज्या शहरात कुटुंबामागे पावणेसहा गुंठे आहेत, त्या शहरात 30 चौरस मीटर सापडत नाहीत, ह्याचा अर्थ जमीन संपली असा नव्हे. ती वाटली गेली आहे आणि वाटताना आम्हांस वगळले गेले आहे, असा त्याचा अर्थ आहे.

कायद्याने हा अन्याय दूर करण्याचा एक प्रयत्न केला होता. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने शहरातील मोकळ्या जमिनीस मर्यादा घातली. नाशिक शहरही त्या कायद्याच्या कक्षेत होते. मर्यादेवरील जमीन सरकारने घ्यावी व ती सर्वसामान्यांच्या घरांच्या कामी यावी, असा त्याचा हेतू. घडले काय? कलम 20 च्या सवलतींतून जमिनी सुटत गेल्या. 1999 साली केंद्राने कायदा रद्द केला आणि 29 नोव्हेंबर 2007 रोजी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तो निरसनाचा कायदा स्वीकारला. कायदा नीट राबविला नाही म्हणून निष्फळ ठरला, आणि निष्फळ ठरला म्हणून रद्द झाला! रोग्यास औषध न देता औषध वाईट ठरविण्याचा हा प्रकार होय.

त्यानंतर दुसरी तरतूद आली. मोठ्या शहरांत 4000 चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावर वसाहत उभारणाऱ्याने 20 टक्के भाग दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखावा, असा नियम 2013 साली झाला. नियम चांगला होता. परंतु त्याच्या अंमलबजावणीविषयी जे आरोप झाले, त्यांनी 2022 साली आमच्या नाशिकचे नाव थेट विधिमंडळात नेले. ही घरे पुरी मिळाली असती तर पाण्यावर घरे बांधण्याचा विचार कोणाच्या मनात आला असता काय?

आणि आणखी एक उदाहरण तर प्रत्येक नाशिककराच्या डोळ्यांपुढे आहे. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो आणि तपोवनात साधुग्राम उभे राहते. रस्ते आखले जातात, नळ येतात, विजेचे खांब रोवले जातात, शौचालये बांधली जातात. 2027 च्या सिंहस्थाच्या तयारीत तर साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला आणि 2025 च्या अखेरीस नागरिकांना त्याविरुद्ध रस्त्यावर यावे लागले. साधूंच्या निवाऱ्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्यांनी घरदार सोडले आहे त्यांच्यासाठी ज्या शहरात जमीन निघते, त्याच शहरात ज्यांना घरदार हवे आहे त्यांच्यासाठी ती का निघत नाही, एवढे कोणी आम्हांस समजावून सांगावे.

पाण्यावर कोण राहते?

पाण्यावर राहणे ही नवलाईची गोष्ट आहे, असे श्रीमंतांस वाटते. इतिहास वेगळेच सांगतो. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर टांका नावाचे लोक शतकानुशतके होड्यांत जन्मले, होड्यांत वाढले आणि होड्यांतच मेले. त्यांस पाण्याची आवड होती म्हणून नव्हे. जमिनीवरच्या समाजाने त्यांस नीच मानले होते. त्यांच्याशी बेटीव्यवहार नव्हता, सरकारी परीक्षेस बसण्याची त्यांस मुभा नव्हती. 1729 साली सम्राटाने त्यांस किनाऱ्यावर वस्ती करण्याची परवानगी देणारे फर्मान काढावे लागले. जमिनीवर राहावयास फर्मान लागावे, ह्यावरून त्यांची स्थिती काय असेल हे अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या वाचकास निराळे सांगावयास नको.

कंबोडियात तोनले साप नदीवर तरंगती घरे करून राहणाऱ्यांत बहुसंख्य व्हिएतनामी वंशाचे लोक होते. अनेकांजवळ नागरिकत्वाचा कागद नाही, म्हणून जमीनही नाही. 2021 च्या जून महिन्यात नॉमपेन्ह शहराच्या अधिकाऱ्यांनी ती घरे हटविण्याचा हुकूम सोडला आणि शेकडो कुटुंबे नदीवरूनही उठविली गेली. नायजेरियातील लागोस शहरात माकोको ही खाडीतील खांबांवरची गरीब वस्ती आहे. 2012 साली सरकारने तिचा काही भाग पाडला. 2013 साली तेथे एक सुंदर तरंगती शाळा बांधली गेली, जगभर तिची छायाचित्रे झळकली, आणि 2016 च्या जूनमध्ये वादळी पावसात ती कोसळली. छायाचित्रे राहिली, शाळा राहिली नाही.

ॲमस्टरडॅमची घरे टिकली, कारण त्या घरांमागे नगरपालिकेचा करार आहे, सांडपाण्याची नळी आहे, विमा आहे, न्यायालय आहे. म्हणजे त्या घरांस आधार पाण्याचा नाही. जमिनीवरच्या हक्कांचा आहे. ज्यास जमिनीवर हक्क आहे तो पाण्यावरही सुखाने राहतो. ज्यास जमिनीवर हक्क नाही त्यास पाणीही राहू देत नाही.

कायद्याच्या दृष्टीने तरंगते घर

आम्ही वकिलीच्या व्यवसायात आहोत, म्हणून हा मुद्दा थोडा विस्ताराने मांडतो. जमिनीवरच्या घरास सातबारा असतो किंवा मिळकतपत्रिका असते. शेजाऱ्याने अतिक्रमण केले तर मोजणी मागता येते. सरकारने जमीन घेतली तर भरपाई मागता येते. कर्ज काढावयाचे तर गहाण ठेवता येते. मेल्यावर वारसाची नोंद होते. पाण्याच्या पृष्ठभागास सातबारा नाही. तरंगते घर हे कायद्याने घर की जलयान, हाच पहिला वाद. आपल्याकडे 2021 चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आहे. तो जलयानांची नोंदणी व तपासणी पाहतो, कुटुंबाचा निवाऱ्याचा हक्क पाहत नाही.

अमेरिकेत ह्याच वादाने एका माणसाचे घर खाल्ले. फ्लोरिडातील रिव्हिएरा बीच ह्या शहराच्या धक्क्यावर लोझमन नावाच्या गृहस्थांचे तरंगते घर होते. शहराच्या पुनर्विकास योजनेस त्यांनी विरोध केला. शहराने त्यांस काढून टाकण्याचा पहिला प्रयत्न केला, तो फसला. मग 2009 साली शहराने त्यांचे घर हे जहाज आहे असे म्हणून सागरी कायद्याखाली त्या घरावरच दावा लावला, लिलावात ते स्वतःच विकत घेतले आणि मोडून टाकले. 2013 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की ते जहाज नव्हतेच. लोझमन दावा जिंकले. परंतु जिंकले तेव्हा राहावयास ते घर उरले नव्हते. ज्या देशात एका साक्षर, लढाऊ माणसाची ही गत, तेथे आमच्या मोलकरणीची व हमालाची काय कथा?

दुसरी बाजूही पाहू. नदी, तिचा काठ व तिचे पात्र ही सर्व जनतेची ठेव असून सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ ह्या खटल्यात सांगितले. बियास नदीकाठची जमीन एका हॉटेलास दिली होती. तो पट्टा न्यायालयाने रद्द केला. तेव्हा उद्या गंगापूरच्या जलाशयाचा पृष्ठभाग कोणा कंपनीस तरंगत्या बंगल्यांसाठी नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने देऊ म्हटले, तर प्रथम हा अडथळा उभा राहील, आणि तो उभा राहिलाच पाहिजे. गावची सार्वजनिक जागा बळकावणाऱ्यांवर 2011 साली जगपाल सिंग खटल्यात न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीनांस व अनुसूचित जातिजमातींस दिलेल्या पट्ट्यांचा मात्र अपवाद केला. न्यायालयास जो भेद कळला तो नगररचनाकारांस कळू नये, हे आश्चर्य होय.

ओल्गा टेलिस खटल्याचा 1985 चा निर्णय आमचे कार्यकर्ते नेहमी सांगतात. उपजीविका हा जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे त्यात म्हटले आहे, हे खरे. परंतु त्याच निर्णयाने रीतसर सूचना देऊन, पावसाळा संपल्यावर, पदपथावरील झोपड्या काढण्यास मुभाही दिली, हा उत्तरार्ध आम्ही विसरतो. न्यायालय आम्हांस थोडा श्वास देते. जमीन विधिमंडळाकडून आणि रस्त्यावरच्या लढ्यातूनच घ्यावी लागते.

गोदावरी हे तळे नव्हे

आता नाशिकच्या पाण्याकडे पाहू. तरंगत्या घरास शांत पाणी लागते. गोदावरी ही पावसाळ्यात धावणारी नदी आहे. 1969 चा महापूर जुन्या माणसांच्या स्मरणात आहे. 2008, 2016 आणि 2019 चे पूर आम्ही स्वतः पाहिले. दुतोंड्या मारुतीच्या कुठल्या अंगास पाणी लागले, ह्यावरून नाशिककर पूर मोजतात. त्या लोंढ्यात झाडे येतात, टपऱ्या येतात, मोटारी येतात. अशा पाण्यात पेटीवरचे घर वर चढेल, हे खरे; परंतु ते जागेवर राहील काय, हा प्रश्न आहे. धरणाची गोष्ट निराळी. तेथे पाणी संथ आहे, परंतु ते शहराचे पिण्याचे पाणी आहे. त्यावर वस्ती म्हणजे त्यात सांडपाणी. शिवाय उन्हाळ्यात जलाशय आटत जातो. वैशाखात ते तरंगते घर चिखलात रुतून बसेल आणि पाण्यासाठी त्याच्याच दारात टँकरची वाट पाहावी लागेल!

2008 च्या पुरानंतर नदीकाठी निळी व लाल अशा पूररेषा आखल्या गेल्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आहे. रेषा शास्त्रीय आहे, आम्ही तिचा आदर करतो. परंतु रेषेच्या आत कोण आहे? गावकुसाबाहेर, खालच्या अंगाला, जेथे पाणी प्रथम शिरते तेथे ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या बसविले, त्यांचीच मुले शहरात येऊन पुन्हा नदीच्या खालच्या अंगाला बसली. त्यांस आता रेषा दाखवून ऊठ म्हणतात. आणि त्याच रेषेच्या आत, त्याच पाण्यावर, नव्या तंत्राची घरे शोभतील म्हणतात. गरिबाची झोपडी नदीत आली तर ते अतिक्रमण, श्रीमंताची पेटी नदीत आली तर ती प्रगती!

2019 च्या ऑगस्टमधील पुरात नदीकाठच्या एका वस्तीतील आमच्या एका पक्षकार मावशींची झोपडी वाहून गेली. धुणीभांडी करून त्यांनी चार पत्रे उभे केले होते. पंचनाम्याच्या वेळी त्यांस विचारण्यात आले, “घर तुमचे होते ह्याचा पुरावा काय?” मावशी म्हणाल्या, “साहेब, पुरावा पाण्यानं नेला. आणि माझं घर तिथं नव्हतंच, तर पाणी कुणाच्या घरात शिरलं?” आम्ही पुष्कळ युक्तिवाद ऐकले आहेत, इतका नेमका क्वचितच ऐकला. ज्या बाईस पाण्याने एकदा नेले, तिला पुन्हा पाण्यावरच वसवावयाचे, ह्यास नियोजन म्हणावयाचे काय?

त्रिरश्मीचे शिलालेख काय सांगतात

आमच्या धम्माने ह्या प्रश्नावर काही सांगितले आहे काय? होय, आणि तेही ह्याच नाशिकात. त्रिरश्मी लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात ह्याचा शिलालेख आहे. त्याने दमण, तापी, डहाणू अशा ठिकाणच्या नद्यांवर लोकांना फुकट पार करण्यासाठी नावा ठेवल्या, अशी त्यात नोंद आहे. त्याच लेखात भिक्षूंच्या अन्नासाठी 4000 कार्षापणांस एक शेत विकत घेऊन दिल्याचेही कोरले आहे. नाव कशासाठी आणि जमीन कशासाठी, हा भेद दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यास ठाऊक होता. नाव पार होण्यासाठी. जगण्यासाठी मात्र जमीन.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख आहे. भिक्षूंस पूर्वी दिलेल्या शेताची लागवड होत नाही आणि ते गावही वसत नाही, असे राजाच्या ध्यानी आले, तेव्हा त्याने नगराच्या हद्दीवरची 100 निवर्तने राजजमीन त्यांस दिली. दिलेली जमीन निरुपयोगी ठरली, म्हणून नगरालगतची, राजाच्या स्वतःच्या मालकीची जमीन द्यावयाची. पुनर्वसनाचा ह्याहून न्याय्य नियम आजच्या कोणत्या सरकारी ठरावात आहे?

तथागतांनी तराफ्याचा दृष्टान्त दिला आहे. नदी पार केल्यावर शहाणा माणूस तराफा काठावर सोडतो, डोक्यावर घेऊन फिरत नाही. आम्ही 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यास नाव सोडण्याचा निश्चय ऐकला आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास पैलतीरास लागलो. आता काठावर पाय ठेवल्यावर आम्हांस पुन्हा तराफ्यावर बसा म्हणणारे कोण? 1927 साली महाडास चवदार तळ्याच्या पाण्यास हात लावला म्हणून ज्यांची डोकी फोडली, त्यांच्या नातवांस आज सांगण्यात येते की सारे पाणी तुमचे, फक्त जमीन मागू नका!

आमची मागणी

2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी जो सत्याग्रह सुरू झाला, त्याचे धुरीण कर्मवीर दादासाहेब गायकवाड हे ह्याच जिल्ह्यातील आंबे गावचे. तेच दादासाहेब पुढे 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांच्या देशव्यापी सत्याग्रहाचे नेते झाले आणि तीन लाखांहून अधिक स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. मंदिराच्या दारापासून जमिनीच्या बांधापर्यंतचा हा प्रवास आकस्मिक नव्हता. बाबासाहेबांनी 1947 सालीच घटना समितीपुढील आपल्या निवेदनात दलितांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी जमीन मागितली होती. धर्मांतराने मन मुक्त झाले. पायाखाली जमीन आल्यावाचून ते मन उभे राहणार कोठे, हे त्या पुढाऱ्यांस पुरते कळले होते.

यास्तव आमची मागणी तरंगती नाही, ठाम आहे. नाशिक शहरातील सर्व सरकारी, निमसरकारी व कमाल धारणा कायद्याखाली आलेल्या जमिनींची यादी प्रसिद्ध करावी. 20 टक्क्यांच्या नियमातून किती घरे निघावयास हवी होती, किती निघाली व कोणास मिळाली, हे नावानिशी नव्हे तरी आकड्यानिशी जाहीर करावे. निळ्या रेषेतील एकही झोपडी पर्यायी घर दिल्यावाचून हलवू नये, आणि ते घर कामाच्या ठिकाणापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, बाईच्या नावे असावे. नदीचा वा जलाशयाचा पृष्ठभाग वस्तीसाठी वा चैनीसाठी कोणास पट्ट्याने देऊ नये.

तरंगत्या तंत्राचा उपयोग करावयाचाच असेल तर तो करण्यासारखी कामे आहेत. बांगलादेशात पुराच्या दिवसांत शाळा होडीतून मुलांच्या दारी जाते. आसामात ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर दवाखाना होडीतून जातो. ही नाव उषवदाताच्या नावेसारखी आहे. ती माणसास तारते, त्यास पाण्यात ठेवून देत नाही. अशा नावा नाशकात पुराच्या वेळी असाव्यात, ह्यास आमचा पाठिंबाच आहे.

पालीत ‘दीप’ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत: दिवा आणि बेट. पुरात सापडलेल्या माणसास बेट हवे असते, कारण बेट ही पाण्यातही जमीन असते. आमच्या बांधवांनी ह्या शब्दाचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवावा आणि पुढल्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या वस्तीत सभा घेऊन, कागदपत्रे गोळा करून, वरील मागणीचे अर्ज महानगरपालिकेच्या व जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत रीतसर दाखल करावेत व पोच घ्यावी. पोच घेतल्यावाचून परत येऊ नये. जयभीम.